मी फक्त हात फिरवला

पत्र लिहावं तर मी. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

एकतीस वर्षं मी एका वर्तमानपत्रात दर रविवारी 'मनापासून कौतुक' नावाचं सदर लिहिलं. दर आठवड्याला कुणाचं तरी कौतुक करायचं, एवढंच काम. एका बंद कारंज्याचं केलं, पंधरा दिवसांत ते उखडून टाकलं. एका पुलाचं केलं, कंत्राटदारानं फोन नंबर बदलला. एका बड्या अधिकाऱ्याच्या साधेपणाचं केलं, तो महिनाभर मागच्या दारानं ये-जा करत होता. वाचकांना माहीत असायचं, की या सदरात ज्याचं कौतुक झालं त्याचं काही खरं नाही. लोक रविवारी सकाळी आधी आपलं नाव नाही ना, ते बघायचे आणि मग दात घासायचे.

आता मी निवृत्त आहे. पेन्सिली टोकदार करून ठेवतो, पण लिहायला कुणी सांगत नाही. म्हणून त्या दिवशी माझी धाकटी बहीण भाचीचा विद्यापीठाचा अर्ज घेऊन आली, तेव्हा माझ्या हाताला मुंग्या आल्या.

भाचीला आम्ही पक्कड म्हणतो. सात वर्षांची असताना तिनं आमचं भिंतीवरचं घड्याळ पकडीनं उघडलं आणि परत जोडलं. तीन स्क्रू उरले. घड्याळ त्याआधी रोज वीस मिनिटं मागे पडायचं, ते तेव्हापासून सेकंदालाही चुकलेलं नाही. ते तीन स्क्रू मी अजून एका डबीत ठेवलेत. कंपनीनं ते कशाला घातले होते, हे आम्हाला कळलेलं नाही.

तर ही पक्कड आता वीस वर्षांची. एका छोट्या कॉलेजात दोन वर्षं काढून तिला विद्यापीठाच्या अभियांत्रिकीला जायचं होतं. अशी बदली मिळते, पण त्याला चारपैकी अडीचची सरासरी लागते. पक्कडची होती दोन पूर्णांक दोन.

"यंदा नाही झालं तर संपलं," बहीण म्हणाली. "दोन वर्षांची मुदत असते. नंतर पहिल्यापासून सुरुवात. मग मी तिला माझ्याच ऑफिसात चिकटवते. आमच्या रेकॉर्ड विभागात जागा आहे, फायलींवर नंबर टाकायचे. बसून काम आहे."

पक्कड आमच्या पंख्याकडे बघत होती. पंखा कुरकुरत होता, आणि ती कुरकुर तिला माझ्या बहिणीपेक्षा जास्त त्रास देत होती.

अर्जासोबत एक पान जोडायचं होतं: सरासरी कमी का, आणि तरी आम्ही तुम्हाला का घ्यावं? पक्कडनं ते पान लिहून आणलं होतं. मी चष्मा लावून वाचलं.

'माझी सरासरी २.२ आहे. तुम्हाला २.५ हवी. मी बारा विषय घेतले. त्यांपैकी दोन विषयांत मला शून्य आहे. ती माझी चूक होती. मला यंत्रं दुरुस्त करता येतात, पण ती का बिघडतात हे शिकायचं आहे.'

एवढंच. मी पान उलटून पाहिलं. मागे कोरं.

"बाळ," मी म्हणालो, "हे पत्र आहे की वीजमंडळाची नोटीस?"

"खरं आहे ते, मामा."

"खरं असेल. पण वाचणाऱ्याला थोडं सुख नको? दे इकडे, मी जरा हात फिरवतो."

पक्कड पहिल्यांदाच पंख्यावरून नजर काढून माझ्याकडे बघायला लागली. मग तिनं मामीकडे बघितलं. आमची ही त्याच वर्तमानपत्रात मुद्रितशोधक होती. माझं सगळं लेखन तिनं छापायच्या आधी वाचलंय आणि एकदाही हसलेली नाही. ती भाजी निवडत म्हणाली, "अहो, तिचं तिला लिहू दे."

"अगं, मी लिहीत नाहीये. हात फिरवतोय."

"मागेही तुम्ही हातच फिरवला होता."

हे खरं होतं. पक्कडच्या पहिल्या वर्षी मी तिच्या दोन निबंधांवर हात फिरवला होता. भाषेच्या विषयाचे निबंध होते, ती बिचारी असं कोरडं लिहायची, मी थोडा जीव ओतला. पण त्याचा इथे काही संबंध नाही, म्हणून मी पुढे सांगत नाही.

पक्कड घाईघाईनं म्हणाली, "मामा, हे पान राहू द्या. पण शेवटी एक जागा आहे बघा. शिफारसपत्र, ऐच्छिक. ते तुम्ही लिहा ना."

"बघ," मी बहिणीला म्हणालो, "पोरीला कळतं कुणाकडून काय घ्यायचं."

त्या वेळी मला ते खरंच वाटलं. एखाद्या वासराला स्वयंपाकघरातून काढायचं असलं की आपण बाहेर हिरवा पाला धरतो, तसा तो पाला होता, हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

दोन दिवस बसून मी शिफारसपत्र लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाचं तरी अगदी खरंखुरं कौतुक करत होतो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. नमुन्यादाखल दोन ओळी देतो:

'ही मुलगी म्हणजे अभियांत्रिकीला लाभलेली देणगी आहे. तिच्या हाताखालून गेलेली एकही वस्तू पुन्हा पूर्वीसारखी राहिलेली नाही. तिची सरासरी पाहून जे तिची बुद्धी मोजतील, त्यांच्या विद्वत्तेला माझा साष्टांग नमस्कार.'

हिला वाचायला दिलं. तिनं दोन ठिकाणी अनुस्वार घातले आणि विचारलं, "हिच्यावर रागावलायत का?"

"तुला ना, कळतच नाही," मी म्हणालो, आणि पत्र स्वतः नेऊन दिलं.

चौथ्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयातून फोन आला. अर्ज घेणाऱ्या खिडकीवरच्या बाई बोलत होत्या. आवाज सहानुभूतीचा, हॉस्पिटलातून येतो तसा.

"शिफारसपत्राखाली सही आहे ते आपणच ना? 'मनापासून कौतुक'वाले?"

मी खुशीत म्हणालो, "ओळखलंत तर."

"समितीनं ओळखलं. सगळ्यांनी मिळून मोठ्यानं वाचलं. फार हसले. पण सर विचारत होते, की सख्ख्या भाचीचं इतकं वाकडं का घेतलंय आपण? तिनं काही केलंय का?"

माझ्या हातातला रिसीव्हर जड झाला. "अहो बाई, ते खरं कौतुक आहे."

"हो हो," बाई म्हणाल्या. "तसंच म्हणायचे आपण नेहमी."

"मग ते पत्र परत द्या."

"फायलीत गेलेला कागद परत मिळत नाही. नवीन जोडू शकता."

आता मी हार मानणारा माणूस नाही. खिडकीवरच्या बाईंचा फोन ठेवला आणि विचार केला. या लोकांना माझं उलटं वाचायची सवय आहे. मीच लावलीये. तर मग सरळ उपाय आहे, निंदा करायची. निंदा उलटी वाचली की कौतुक! इतकी साधी गोष्ट आधी सुचली नाही म्हणून मी स्वतःच्या कपाळावर हलकेच मारून घेतलं.

दुसरं पत्र दहा मिनिटांत झालं. 'अर्जदार आळशी आहे. तिला यंत्रातलं काडीचं कळत नाही. तिला घेतलंत तर तुमच्या विभागाचं नाक कापलं जाईल.' आणखीही बरंच होतं. लिहिताना हात असा सुटला, की शेवटी शेवटी मलाच ती पोरगी नावडायला लागली.

हे पत्र मी हिला दाखवलं नाही. घरात उगीच चर्चा नको.

तीन दिवसांनी पुन्हा बाईंचा फोन.

"दुसरं पत्र मिळालं."

"मग?"

"दोन सर सरळ वाचतायत. दोन सर उलटं वाचतायत. पाचव्या मॅडम म्हणतात, आधी लिहिणाऱ्या माणसाला बघूया."

"पण तुम्ही स्वतः कसं वाचलंत?"

"मी फायलीला नंबर टाकते," बाई म्हणाल्या. "वाचणं माझ्याकडे नाही."

या गोंधळात शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी तिसरं पत्र लिहिलं. ते फक्त खुलाशाचं होतं: पहिल्या पत्रात जे लिहिलं ते मनापासून, दुसऱ्यात जे लिहिलं ते मनाविरुद्ध, तरी समितीनं पहिलं सरळ आणि दुसरं उलटं वाचावं, आणि हे तिसरं जसंच्या तसं. टाकल्यावर लक्षात आलं, की 'मनापासून' हा शब्द मी वापरायला नको होता. एकतीस वर्षं तो शब्द वर छापून खाली मी लोकांची सालटी काढत होतो.

पुढच्या आठवड्यात पक्कडला मुलाखतीचं बोलावणं आलं. खाली एक ओळ हातानं लिहिलेली होती. 'सोबत पत्रलेखक यांना आणावे.'

बहीण दारातूनच बोलायला लागली. "दादा, तू एक पत्र लिहिणार होतास ना?"

"एकच लिहिलं. बाकीची दोन त्याच्या दुरुस्तीची."

"मुलाखत कुणालाच नसते म्हणे. कागदावरच ठरतं. हिची फाईल एवढी जाड झाली की ती टेबलावरून खाली पडली, असं बाई सांगत होत्या."

"म्हणजे लक्षात राहिली ना फाईल."

बहिणीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी शर्टाची बटणं तपासली. मग ती हळू म्हणाली, "ऑफिसातली ती खुर्ची मी महिनाअखेरपर्यंत अडवून ठेवलीये. साहेबांना सांगून." आणि हे सांगताना तिचा आवाज मुळीच आनंदी नव्हता. स्वतः बावीस वर्षं ती फायलींवर नंबर टाकते. मुलीसाठी त्याच टेबलाशेजारची खुर्ची अडवून ठेवणं तिला किती जड जात असेल, ते मला तेव्हा कळलं. मी त्यावर एक चुरचुरीत वाक्य बोलणार होतो. बोललो नाही. ही माझ्याकडून त्या महिन्यात झालेली एकमेव चांगली गोष्ट.

मुलाखतीला आम्ही दोघंच गेलो, मी आणि पक्कड. अभियांत्रिकीची इमारत चार मजली, मुलाखत चौथ्यावर. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली ती फरशीच्या वीतभर वर. दार उघडलं, आणि मी खाली पाऊल टाकताना थेट एका कुंडीला मिठी मारली.

आणि मिठी मारलेल्या अवस्थेत मला आठवलं. ही लिफ्ट माझ्या ओळखीची होती.

एकोणीस वर्षांपूर्वी ती नवीन बसवली तेव्हा मी तिचं कौतुक केलं होतं. 'जगातली ही पहिली लिफ्ट, जी प्रवाशाला त्याच्या मजल्यापेक्षा थोडं अधिक देते. इथे शिकणारा अभियंता पहिल्याच दिवशी पाय कुठे ठेवू नये ते शिकतो.' लिफ्टचं काम ज्या तरुण प्राध्यापकांच्या देखरेखीखाली झालं होतं, त्यांचंही केलं होतं. सहृदय माणूस, असं म्हटलं होतं.

"पक्कड," मी कुंडी सोडत विचारलं, "या समितीचे प्रमुख कोण आहेत गं?"

ती लिफ्टच्या दाराशी गुडघ्यावर बसून फटीत बघत होती. "नाव नाही माहीत. पण बाई म्हणाल्या, सगळे त्यांना लिफ्टवाले सर म्हणतात. का म्हणतात ते नाही सांगितलं."

मला एकदम घरी जावंसं वाटलं.

खोलीत लांब टेबल होतं. मधोमध लिफ्टवाले सर, आता केस पिकलेले. दोन्ही बाजूंना दोन-दोन जण, कोपऱ्यात खिडकीवरच्या बाई वही घेऊन. सरांसमोर पक्कडची फाईल होती. एखाद्या खुनाच्या खटल्याची असते तेवढी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "बसा. आपण भेटलोय. म्हणजे आपण मला भेटला आहात, रविवारी."

"मला वाटतं, ते कौतुक होतं," मी म्हणालो.

"माझ्या आईलाही तसंच वाटलं," सर म्हणाले. "तिनं कात्रण काढून काच लावून घेतली. बैठकीत आहे. एकोणीस वर्षं प्रत्येक पाहुण्याला वाचून दाखवते. तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही."

मी पाणी प्यायलो. ग्लास पाचव्या मॅडमचा होता.

मग ते पक्कडकडे वळले. गणित, भौतिकशास्त्र, यंत्रांची मूलतत्त्वं. तिनं उत्तरं दिली. फार हुशारीची नव्हती, पण जे येत होतं ते सांगितलं, जे येत नव्हतं तिथे "येत नाही" म्हणाली. मला मधे मधे तिला एखादं वाक्य सुचवायची फार इच्छा होत होती, मी हात मांड्यांखाली दाबून बसलो होतो.

"दहा विषय ठीक आहेत," सर म्हणाले. "उत्तम नाहीत, ठीक आहेत. पण हे दोन? लेखन एक, शून्य. लेखन दोन, शून्य. शून्य मिळवायला पण कष्ट लागतात. काय झालं?"

"चूक माझी होती," पक्कड म्हणाली.

"ते तुमच्या पानात आहे. काय चूक?"

"निबंध जसे हवे होते तसे नव्हते."

"का नव्हते?"

ती टेबलाच्या एका सैल स्क्रूवरून बोट फिरवत राहिली.

"हे बघा," सर म्हणाले, आवाज चढवला नव्हता, "अडीचच्या खालचा अर्ज घ्यायचा तर मला कारण लिहावं लागतं. कारण नसेल तर मी आत्ता फाईल बंद करतो. माझ्याकडे आज आणखी अकरा अर्ज आहेत."

"चूक माझीच होती, सर," ती पुन्हा म्हणाली. आणि माझ्याकडे अजिबात बघितलं नाही. इतकं कटाक्षानं नाही बघितलं, की पाचव्या मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या.

सरांनी सुस्कारा टाकला आणि फायलीतून दोन कागद काढले. "नापास विषयांचे निबंध आम्ही मागवून घेतो. विषय, मला घडवणारी व्यक्ती. तुम्ही तुमच्या लेखनाच्या सरांवरच लिहिलंय." ते वाचायला लागले. "'आमचे सर अत्यंत तल्लीन होऊन शिकवतात. एकदा सुट्टीच्या दिवशीही त्यांनी पूर्ण तास घेतला, आणि वर्ग नेहमीइतकाच भरलेला होता.'"

खिडकीवरच्या बाई खुदकन हसल्या.

आणि मी म्हणालो, "'अत्यंत' नाही तिथे."

सरांनी कागद खाली ठेवला.

"काय म्हणालात?"

"मूळ वाक्यात 'अत्यंत' नाहीये," मी म्हणालो. मला थांबता येईना. "'आमचे सर तल्लीन होऊन शिकवतात.' संपलं. विशेषणाला जोर दिला की पुढचा फटका आधीच कळतो. मी एकतीस वर्षांत 'अत्यंत' लिहिलेलं नाही. हा कुणीतरी नंतर घुसडलाय."

पक्कडनं डोळे मिटून घेतले होते. "मीच घातला, मामा," ती म्हणाली. "मला ते सर खरंच खूप आवडायचे. तुम्ही हात फिरवल्यावर ते कुठे दिसेचना. म्हणून निदान तो एक शब्द घातला."

मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं मागे होतं, हे नंतर पक्कडनं सांगितलं.

लिफ्टवाल्या सरांनी दुसरा कागद उचलला, माझ्यासमोर धरला. विषय होता, कामातील शिस्त. "आणि हा?"

मी पहिली ओळ वाचली. कॉलेजच्या वेळापत्रकाचं कौतुक होतं. छान जमलं होतं, खोटं कशाला सांगू. "त्यावरही," मी म्हणालो, "थोडासा."

"थोडासा काय?"

"हात."

सरांनी पक्कडला विचारलं, "हे तुमच्या कॉलेजला का नाही सांगितलं?"

"सांगून काय करणार, सर? निबंध मीच दिले. न वाचता दिले असते तर वेगळं. मी वाचून दिले. मामा इतके खूश होते, म्हटलं आता काय..." ती थांबली. "आणि मामांनी पहिल्यांदाच काही लिहिलं होतं, रिटायर झाल्यापासून."

आता सगळेच दुसरीकडे बघत होते. मी खिडकीबाहेर. खिडकीबाहेर भिंत होती.

सर बराच वेळ कागदावर काहीतरी मोजत बसले. "दोन शून्यं काढली तर दहा विषयांची सरासरी दोन पूर्णांक चौसष्ट होते," ते बाकीच्यांना म्हणाले. "आपला एक नियम आहे. नापास विषय आपल्याकडे पुन्हा घेतला तर जुने गुण धरत नाहीत. तात्पुरता प्रवेश देता येतो. अट फक्त एक: नापास होण्याचं कारण दूर झालेलं असलं पाहिजे."

पाचव्या मॅडम पहिल्यांदाच बोलल्या. "कारण दूर झालंय का?"

पाचही जण माझ्याकडे बघायला लागले. खिडकीवरच्या बाईसुद्धा. मी खुर्ची टेबलापासून जरा मागे घेतली.

"आणखी," सर म्हणाले.

मी आणखी मागे घेतली.

मग बाईंनी तिथल्या तिथे एक हमीपत्र टाईप करून आणलं. 'मी लिहून देतो की, सदर विद्यार्थिनीच्या कोणत्याही लेखनावर मी यापुढे हात फिरवणार नाही, तसेच तिच्याविषयी कोणतेही पत्र विद्यापीठास पाठवणार नाही.' वाक्यरचना भयंकर होती. 'तसेच'च्या आधी आणि नंतर सगळं ढिलं. माझ्या खिशातल्या पेन्सिलीनं उडी मारली. पक्कड माझ्याकडे बघत होती, या वेळी सरळ, न लपवता. मी पेन्सिल आत ढकलली, पेन काढलं आणि जसंच्या तसं सही करून दिलं. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं बलिदान होतं, पण ते तिथे कुणालाच कळलं नाही.

निघताना सर दारापर्यंत आले. "एक विनंती आहे," ते म्हणाले. "कधी घरी या. आईला तुम्हाला भेटायचंय. त्या कात्रणावर सही हवीये तिला."

गेलो. सही केली. त्या म्हातारीनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "किती मनापासून लिहिलंत हो माझ्या मुलाबद्दल. सहृदय म्हणालात. आहेच तो तसा." मी म्हणालो, "आहेत." कौतुकाच्या त्या लेखात छापून आला तेव्हा जो शब्द खोटा होता, तो अखेर खरा निघाला. असा प्रकार माझ्या सदरात फक्त त्या एकाच वेळी झालेला आहे.

पक्कडचा प्रवेश झाला. बहिणीनं ऑफिसातली खुर्ची सोडून दिली, आणि ते सांगताना ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मग म्हणाली, "तू काही केलंस म्हणून नव्हे हं, दादा."

दोन महिन्यांनी लेखन एकचा पहिला निबंध आला. विषय मोकळा. पक्कडनं तो मला दाखवला, पण हमीपत्र होतं, म्हणून ती कागद हातात घट्ट धरून दोन हात अंतरावर उभी राहिली आणि मी पाठीमागे हात बांधून वाचला. शीर्षक, 'चौथ्या मजल्यावरची लिफ्ट वीतभर वर का थांबते'. एक पान. तिनं सहा दिवस फटीतून बघून मोजमापं घेतली होती. थांबायची खूण देणारी एक पट्टी बसवतानाच वर लागली होती, ती खाली घेतली की झालं. त्यात एकही विनोद नव्हता. एकही टोमणा नव्हता. मी ओळीओळीतून शोधलं, हात फिरवायला जागाच नव्हती.

"चांगला आहे," मी म्हणालो.

तिचा चेहरा उतरला. "इतका वाईट आहे?"

"अगं, चांगला आहे म्हणतोय."

तिनं कागद मामीकडे नेला. हिनं वाचला, एक अनुस्वार दाखवला आणि म्हणाली, "खरंच म्हणतायत ते. खरं बोलायचं झालं की ह्यांना दुसरा शब्द सापडत नाही."

ते एक पान लिफ्टवाल्या सरांपर्यंत गेलं आणि त्यांनी इमारत विभागाला बोलावलं. माझ्या लेखानंतर एकोणीस वर्षं ती लिफ्ट वीतभर वर थांबत होती. पक्कडच्या पानानंतर नवव्या दिवशी ती फरशीला टेकली.

मी मुद्दाम बघायला गेलो. चारही मजल्यांवर वर-खाली केलं. अगदी बरोबर. पाऊल असं सरळ पडलं, की मला गहिवरून आलं. विद्यापीठाला पत्र लिहायची बंदी होती ती भाचीबद्दल, लिफ्टबद्दल नव्हे. तरी धोका नको म्हणून मी घरी येऊन सरांना फोनच केला. आणि शंकेला जागा राहू नये म्हणून एकतीस वर्षांचा नियम मोडला.

"सर," मी म्हणालो, "तुमची लिफ्ट अत्यंत सुंदर झाली आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग सरांनी खालच्या आवाजात विचारलं,

"कुठल्या मजल्यावर अडकलात?"